जिनिंगसाठी घेतलेले ८ पोर्टवाले मॅनेज्ड स्विच, एक सीझन वापरून

आमची जिनिंग वणीकडं हाय, काट्यावर एक नेटवर्क स्विच (कॅमेरे, कॉम्प्युटर केबलनं एकमेकाले जोडायचा डबा), ऑफिसात दुसरा, मधात एकच केबल अन स्विचही जुने १०० एमबीपीएसवाले. गाड्यांची लाइन लागली की कॅमेरे अन बिलिंग त्याच केबलवर, पावती अडकून राहे अन शेतकरी उन्हात उभे, लय वाईट वाटे. साध्या स्विचलेच दुसरी केबल जोडून पाहिली तं लूप झाला, म्हणजे डेटा गोल-गोल फिरत राहिला, सगळे लाइट फडफडायले लागले अन नेटवर्क बसलं.

मग हे गिगाबिटवाले मॅनेज्ड, म्हणजे आतलं सेटिंग बदलता येते असे, दोन घेतले, यात एलएसीपी हाय म्हणजे दोन केबल मिळून एकच लिंक धरते. सेटिंग दोन्हीकडं करा, मगच दुसरी केबल लावा. पण दुकानात सांगत नाही ते ऐका, एका फाइलले डबल स्पीड भेटत नाही, स्विच डेटा कुठून निघाला (सोर्स) अन कुठं चालला (डेस्टिनेशन) ते पत्ते पाहून एक कनेक्शन एकाच केबलवर टाकते, नाहीतं पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, मागंपुढं होतील. आमचे सगळे कॅमेरे एकाच रेकॉर्डरकडं जाते, म्हणून नुसता डेस्टिनेशन पत्ता ठेवला तं सारा लोड एकाच केबलवर, सोर्स-डेस्टिनेशन दोन्ही निवडलं तवा कुठं वाटला गेला. हा ऑप्शन हाय का ते घ्यायच्या आधी पाहाच.

मागच्या महिन्यात उंदरानं एक केबल कुरतडली, पण दुसऱ्या केबलवर पावत्या निघतच होत्या, आमाले संध्याकाळी समजलं. पैसे वसूल.