पोरांना घेऊन अंदमान की लक्षद्वीप?

मडगावहून निघायचं तर लक्षद्वीप सोयीचं: रात्रीच्या गाडीने एर्नाकुलम, मग कोचीहून जहाज किंवा अगत्तीचं विमान. मात्र प्रवेश-परवाना आधी काढावा लागतो. अंदमानच्या नेहमीच्या पर्यटन बेटांना भारतीयांसाठी ती कटकट नाही, पण विमानं बदलत जाणं आलं आणि खर्चही.

प्राणी बघायचे म्हटल्यावर मात्र फरक मोठा. लक्षद्वीपला जंगल नाहीच. सगळी गंमत पाण्याखाली. शांत, उथळ लगून (प्रवाळाच्या कड्याआडचं पाणी), प्रवाळ, समुद्री गवत खाणारी हिरवी कासवं. पोहायला नुकतंच शिकलेल्या मुलांना हेच बरं. अंदमानात दाट वर्षावन, बाराटांग बेटाची खारफुटीतली होडी, खाऱ्या पाण्यातल्या मगरी (म्हणून सूचनाफलक असेल तिथे पाण्यात उतरायचं नाही, आजोबा कितीही म्हणोत). ऑलिव्ह रिडले कासवं आपल्या गोव्यातल्या मोरजी-गालजीबाग किनाऱ्यांवरही येतात, पण उत्तर अंदमानातल्या दिगलीपूरजवळच्या कालीपूरला महाकाय लेदरबॅक कासवही अंडी घालतं. त्यासाठी डिसेंबर ते फेब्रुवारी गाठा. बाराटांगचा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून जातो. तिथे थांबायला, फोटो काढायला बंदी आहे.

मुलं दहाच्या पुढची आणि हाताशी आठवडाभर असेल, तर मी अंदमानच म्हणेन. पावसाळ्यात दोन्हीकडे नको, समुद्र खवळलेला असतो.