मे महिन्यात केरळच्या पाण्यावर: अलेप्पी, कुमारकोम की मन्रो बेट?

मुलांच्या परीक्षा संपल्या आणि केरळला जायचे ठरले की, बहुतेक घरांत पहिली चर्चा होते ती हाउसबोट कोणत्या दर्जाची घ्यायची याची. माझ्या मते त्याआधी आपल्याला सरोवर पाहायचे आहे की कालवे, हे ठरवायला हवे. कारण बोट कुठवर शिरू शकते हे तिच्या आकारावर अवलंबून असते, आणि दोन्ही गोष्टी एकाच बोटीतून नीट पाहता येत नाहीत.

अलेप्पीची हाउसबोट म्हणजे मुळात भात वाहून नेणारी केट्टुवळ्ळम, म्हणजे खिळा न वापरता काथ्याने फळ्या बांधून केलेली मोठी नाव. आज तिच्यावर इंजिन, शयनगृहे, न्हाणीघर आणि जनरेटर असा संसार थाटलेला असतो. मुक्कामाची बोट साधारण दुपारी बाराला निघते, जेवणासाठी थांबते आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास काठाला बांधली जाते, कारण त्यानंतर मासेमारांची जाळी पाण्यात पडतात. सकाळी न्याहारी झाली की नऊच्या आसपास उतरायचे. म्हणजे पैसे एकवीस तासांचे आणि फिरणे जेमतेम पाच-सहा तासांचे, त्यातही चांगला भाग मे महिन्याच्या भर दुपारचा. आमची बोट ज्या काठाला बांधली होती तिथे आधीच सात-आठ बोटी ओळीने उभ्या होत्या, आणि रात्रभर पाण्याच्या आवाजाऐवजी शेजारच्या जनरेटरची घरघर ऐकावी लागली. वातानुकूलन रात्री नऊनंतरच सुरू होणार, हेही आम्हाला बोटीत चढल्यावर कळले. म्हणून वातानुकूलन किती वाजल्यापासून आणि कोणकोणत्या खोल्यांत, हा प्रश्न आगाऊ रक्कम देण्यापूर्वी विचारून उत्तर लेखी घ्यावे.

तरीही हाउसबोटीला दोष देऊन चालणार नाही. सुमारे ९६ किलोमीटर लांबीच्या वेंबनाड सरोवराचा विस्तार, आणि त्याच्या कडेला समुद्रसपाटीच्या खाली असलेली, बांध घालून पाण्यापासून राखलेली कुट्टनाडची भातशेती, हे दृश्य वरच्या डेकवरून जसे दिसते तसे लहान होडीतून दिसत नाही. मात्र मे महिन्यात बहुतेक शेतांची कापणी उरकलेली असते, त्यामुळे जाहिरातीतला हिरवा गालिचा मिळेलच असे धरून चालू नये. गुडघेदुखी असलेले आजी-आजोबा बरोबर असतील आणि सगळ्यांनी एकत्र बसून गप्पा मारत करीमीन खाणे (गोव्याकडे जिला कालुंदर म्हणतात तीच ही मासळी) हाच सहलीचा गाभा असेल, तर हाउसबोट घ्यावी. पण मुक्कामाऐवजी दिवसभराची घ्यावी आणि रात्री जमिनीवर झोपावे.

कुमारकोम हे याच सरोवराच्या पूर्व काठावर आहे. तिथे राहून सकाळी पक्षी अभयारण्य आणि संध्याकाळी तासा-दोन तासांची बोट, एवढेच करायचे असते. शांतता हवी असणाऱ्या जोडप्याला ते पुरेसे आहे, दहा वर्षांच्या मुलांना दुसऱ्या दिवशी कंटाळा येतो.

कालवे पाहायचे असतील तर मात्र दक्षिणेला, कोल्लमला जावे. आठ फाट्यांमुळे अष्टमुडी हे नाव पडलेल्या सरोवराला जिथे कल्लडा नदी मिळते, तिथे मन्रो बेट आहे. त्रावणकोरचा ब्रिटिश रेसिडेंट कर्नल जॉन मन्रो याच्यावरून हे नाव आले. इथल्या कालव्यांत हाउसबोट शिरूच शकत नाही. चार-सहा माणसांची लाकडी होडी असते, होडीवाला मागे उभा राहून लांब बांबू तळाला टेकवत ती पुढे ढकलतो, आणि इंजिन नसल्यामुळे अंगणातले बोलणेसुद्धा ऐकू येते. काही पूल इतके ठेंगणे आहेत की होडीवाल्याने इशारा करताच कपाळ गुडघ्याला टेकेपर्यंत वाकावे लागते. आमच्या मुलांनी संपूर्ण सहलीतले एवढेच घरी आल्यावर महिनाभर सांगितले. सकाळी सहाला निघावे, नऊनंतर ऊन सोसत नाही. भरतीच्या वेळी इथल्या काही घरांत पाणी शिरते, ही घरे राहती आहेत, तेव्हा कॅमेरा जरा जपून वापरावा.

या तिन्हींच्या जोडीला एक स्वस्त पर्याय आहे आणि तो फारसा कोणी सांगत नाही: राज्य जलवाहतूक खात्याची प्रवासी बोट. अलेप्पी ते कोट्टायम हा साधारण अडीच तासांचा प्रवास शाळकरी मुले, भाजीच्या पिशव्या आणि कामावरून परतणारी माणसे यांच्यासोबत अगदी किरकोळ भाड्यात होतो, आणि त्यात कालवा व सरोवर या दोन्हींची थोडी थोडी चव मिळते. निघण्याआधी धक्क्यावर वेळ विचारून घ्यावी.

मे महिन्यात दुपारनंतर वळवाचा पाऊस विजांसह येतो, त्यामुळे कोणतीही लहान होडी सकाळीच ठरवावी. प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट हवे आणि बोटीवर लिहिलेल्या क्षमतेपेक्षा एकही माणूस जास्त दिसला तर उतरावे. ७ मे २०२३ रोजी मलप्पुरम जिल्ह्यात तानूरजवळ उलटलेल्या, गर्दीने भरलेल्या पर्यटक बोटीत २२ जणांचा जीव गेला, आणि तोही सुट्टीचाच हंगाम होता.

मुंबई-पनवेलकडून जाणाऱ्यांना नेत्रावती एक्सप्रेस सोयीची, कारण ती अलेप्पी आणि कोल्लम या दोन्ही ठिकाणी थांबते. चार दिवस हाती असतील तर मी अलेप्पीला उतरून पहिल्या दिवशी प्रवासी बोट, दुसऱ्या दिवशी दिवसाची हाउसबोट, आणि उरलेले दोन दिवस कोल्लमला घालवून मन्रो बेटावर दोन्ही सकाळी होडी घेईन. दोनच दिवस असतील तर अलेप्पी सोडून सरळ कोल्लमचे तिकीट काढीन.