‘कूतचा ब्रोच’ म्हणून माझ्या गळ्यात मारलेला बिल्ला

माझे पणजोबा ११०व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. पहिल्या महायुद्धात, एप्रिल १९१६ मध्ये, आजच्या इराकमधलं कूत-अल-अमारा पडलं आणि ते तुर्कांच्या कैदेत गेले. त्यामुळे इंग्लंडमधल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात एका विक्रेत्याने ‘मराठा पलटण, स्वीटहार्ट ब्रोच, कूत १९१६’ अशी पिवळी चिठ्ठी लावलेली डबी पुढे केली, तेव्हा मला दुसरं काही दिसेनासंच झालं.

स्वीटहार्ट ब्रोच म्हणजे सैनिकाने आईला, बायकोला किंवा प्रेयसीला दिलेला, आपल्या रेजिमेंटच्या चिन्हाचा छोटा दागिना. ब्रिटिश रेजिमेंटांचे ढिगाने मिळतात. हिंदी पलटणींचे क्वचितच. विक्रेत्याला हे पक्कं ठाऊक होतं. मी मराठी आहे म्हटल्यावर त्याने कूतला नवरा गमावलेल्या एका मडमेची गोष्ट सांगितली. मी १८० पौंड मोजले.

घरी भिंग लावलं. पट्टीवरचं नाव ‘५वी मराठा लाइट इन्फन्ट्री’. पहिल्या महायुद्धात हे नावच नव्हतं! तेव्हा १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ अशा स्वतंत्र पलटणी होत्या; १९२२ च्या पुनर्रचनेत त्या एकत्र आणून ५वी मराठा झाली आणि पणजोबांची ११०वी तिची तिसरी बटालियन. हे मला लहानपणापासून पाठ आहे. तरी बाजारात मी चिठ्ठी वाचली, बिल्ला वाचलाच नाही.

मग उलटा करून पाहिला. पाठीवर दोन ठिकाणी कानस फिरवल्याच्या खुणा. म्हणजे हा कॉलरवरचा बिल्ला. मागच्या कड्या कापून त्याला पिन डाग दिलेली. जोड लखलखीत, म्हणजे नवा; बाकी पाठ काळवंडलेली. चांदीचा म्हणून विकला, पण हॉलमार्कचा सिंह (इंग्लंडमधला चांदीच्या शुद्धतेचा छाप) तर नाहीच, साधं ‘सिल्व्हर’ही कुठे उमटवलेलं नव्हतं. असे बदललेले बिल्ले बाजारात पुष्कळ फिरतात, म्हणून घेणाऱ्याने आधी पाठ बघावी.

विक्रेत्याला फोन केला तर ‘बघूनच घेतलात ना?’ एवढंच उत्तर. पुढे त्याने उचललाच नाही. पावतीवर फक्त ‘बिल्ला, १ नग’. चिठ्ठीवरचा मजकूर पावतीवर त्याच्याच हाताने लिहून घेतला असता, तर भांडायला काही आधार तरी उरला असता.

बाजारातूनच मी साताऱ्याला बाबांना फोटो पाठवला होता. त्यांनी पणजोबांच्या तसबिरीशेजारी त्याच्यासाठी जागा करून ठेवली होती. त्यांना खरं सांगायला मला आठ दिवस लागले.