आभासी जगात मर्जी कुणाची? इच्छास्वातंत्र्यावरचा सिनेमा निवडताना

एकच संध्याकाळ हाताशी असेल आणि ‘मी जे निवडतो ते खरंच मी निवडतो का?’ हा प्रश्न मनात घोळत असेल, तर ‘द मेट्रिक्स’ लावू नका. यंत्रांनी रचलेल्या आभासी जगालाच खरं जग समजून जगणाऱ्या माणसांचा हा चित्रपट. १९९९ चा तो पहिला भाग माझा अतिशय लाडका आहे, पण त्याचा जीव दुसऱ्याच प्रश्नात अडकलेला आहे. माणूस फसवला जातोय की त्याला सत्य ठाऊक आहे, हा तो प्रश्न. फसवला गेलेला माणूसही स्वतंत्रपणे निर्णय घेऊ शकतो, आणि सगळं सत्य कळलेला माणूसही कार्यकारणाच्या साखळीत बांधलेला असू शकतो. या दोन गोष्टींची गल्लत झाली की लाल आणि निळ्या गोळीचा प्रसंग (लाल घेतली तर सत्य दिसणार, निळी घेतली तर आभासातच राहणार) इच्छास्वातंत्र्याचा कळस वाटायला लागतो. खरं तर नायक निओला त्या क्षणी आपण काय निवडतोय याची काहीच कल्पना नसते.

पहिल्या भागात आपल्या प्रश्नाचा धागा सापडतो तो भविष्य सांगणाऱ्या बाईच्या, ओरॅकलच्या स्वयंपाकघरात. ती निओला म्हणते, फुलदाणीची काळजी करू नकोस. कुठली फुलदाणी म्हणून तो वळतो आणि त्याच्याच धक्क्याने ती पडून फुटते. मग ती विचारते, मी बोललेच नसते तर फुटली असती का? या दहा-वीस सेकंदांत एक महत्त्वाची गोष्ट आहे: भाकीत हेही एक कारणच असतं.

हा धागा पुढे न्यायचा तर २००३ च्या ‘मेट्रिक्स रीलोडेड’कडे जावं लागतं. पुष्कळांना तो भाषणबाज वाटतो, आणि तक्रार रास्त आहे. पण त्या आभासी जगाचा रचनाकार तिथे जे सांगतो ते ऐकण्यासारखं आहे. आधीची जगं कोसळली, कारण माणसं ती स्वीकारत नव्हती. मग उपाय सापडला: माणसाला निवड द्यायची, मग ती त्याला जेमतेम जाणवली तरी चालेल. जवळजवळ ९९ टक्के लोकांनी तेवढ्यावर ते जग मान्य केलं. म्हणजे निवडीची भावना हाच पिंजऱ्याचा सगळ्यात पक्का गज! याच भागात ओरॅकल निओला सांगते की निवड तू केव्हाच केली आहेस, ती का केलीस हे समजून घ्यायला तू आला आहेस. या वाक्यावर मी अजून विचार करतोय. आपल्या बोलण्यात दैव, प्राक्तन आणि कार्यकारण हे तिन्ही शब्द एकाच पोत्यात भरले जातात. प्राक्तन म्हणतं, तू काहीही कर, व्हायचं ते होणारच. नियतत्ववाद म्हणतो, जे होईल ते तुझ्या करण्यातूनच होईल, फक्त तुझ्या करण्यालाही कारणं आहेत. ओरॅकल दुसऱ्या बाजूची आहे. तिच्याकडे दैववादी म्हणून पाहिलं तर तिची निम्मी वाक्यं वाया जातात.

तरीही माझी पहिली पसंती डेव्हिड क्रोनेनबर्गच्या ‘एक्झिस्टेन्झ’ला. तोही १९९९ चाच, ९७ मिनिटांचा. ॲलेग्रा गेलर ही आभासी जगात नेणारा खेळ तयार करणारी, आणि टेड पायकल हा तिच्यासोबत त्या खेळात उतरलेला बिचकणारा तरुण. खेळातली पात्रं योग्य वाक्य कानावर पडेपर्यंत अडकल्यासारखी घुटमळत राहतात, हे सुरुवातीला गमतीचं वाटतं. मग दोघं एका हॉटेलात जेवायला बसतात. पायकलपुढे बेडकांसारख्या विचित्र प्राण्यांची थाळी येते. त्याला शिसारी येते, तो तसं बोलूनही दाखवतो, आणि तरी त्याचे हात थांबत नाहीत. तो खात सुटतो, हाडं चाटूनपुसून बाजूला काढतो, एकमेकांत बसवतो, आणि बघता बघता त्याच्या हातात पिस्तूल तयार होतं. इथे कुणाला तरी मारावंसं वाटतंय, असं तो सांगतो. वेटरला मारायचं आहे हे त्याला उमगतं, तो नको म्हणतो, आणि गेलर त्याला समजावते की तुला स्वतःला आवरता येणार नाही. या जगात इच्छास्वातंत्र्याला फारशी जागा दिसत नाही, असं तो म्हणतो. तिचं उत्तर असं की खऱ्या आयुष्यासारखंच आहे, मजा येण्यापुरतं असतं. आणि मग तो गोळी झाडतो.

हा प्रसंग मी कितीतरी वेळा मागे नेऊन पाहिला आहे. ‘मेट्रिक्स’मध्ये सक्ती बाहेरून येते, काळा चष्मा लावून, बंदूक रोखून. तिला शत्रू म्हणता येतं, तिच्याशी दोन हात करता येतात. पायकलची सक्ती त्याच्या पोटातून आणि बोटांतून येते. ती ऊर्मी परकी आहे हे त्याला बुद्धीने कळतं, पण आतून ती अगदी स्वतःच्या इच्छेसारखीच लागते. मग स्वतःच्या इच्छेची खूण ती काय? बेंजामिन लिबेट यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, हात हलवण्याची इच्छा झाल्याचं माणसाला जाणवण्याआधीच मेंदूतली तयारी सुरू झालेली दिसली होती. त्या प्रयोगाच्या अर्थावरून वाद आजही चालू आहे. पण त्यातली अस्वस्थता काय आहे, हे मला कुठल्याही लेखापेक्षा त्या हॉटेलातल्या टेबलावर जास्त नीट कळलं.

आता एकाच कादंबरीची दोन अपत्यं. डॅनियल गॅलूय यांच्या १९६४ च्या विज्ञान कादंबरीवरून राइनर वेर्नर फासबिंडर यांनी १९७३ मध्ये पश्चिम जर्मन टीव्हीसाठी ‘वर्ल्ड ऑन अ वायर’ दोन भागांत केला, आणि १९९९ मध्ये त्याच कादंबरीवर ‘द थर्टीन्थ फ्लोअर’ आला. दोन्हींतली मोठी कलाटणी मी फोडत नाही.

फासबिंडर यांच्याकडे साडेतीन तासांच्या आसपास वेळ मागितला जातो. चाल संथ आहे, माणसं पुतळ्यांसारखी उभी राहतात, फ्रेममध्ये जिकडेतिकडे आरसे. पण या सगळ्या चित्रपटांतला सर्वात कसदार मुद्दा इथे आहे. एका संस्थेने संगणकात नऊ हजारांहून जास्त माणसांचं जग उभं केलंय ते भविष्याचा अंदाज घेण्यासाठी, आणि पोलाद उद्योगाचा त्या अंदाजांवर डोळा आहे. आतल्या माणसांना आपण मोकळे आहोत असं वाटतं, आणि बाहेर किंमत आहे ती त्यांच्या वागण्याचं गणित मांडता येतं याला. आतलं कुणी खरोखर अनपेक्षित वागलं तर माल खराब निघाला असं समजायचं! ‘थर्टीन्थ फ्लोअर’ने हा धागा सोडून खुनाच्या रहस्याचा धरला, ही मला त्याची मोठी चूक वाटते. त्याची जमेची बाजू वेगळी आहे. त्यात बाहेरचा माणूस संगणकात उभ्या केलेल्या १९३७ च्या लॉस एंजेलिसमधल्या एका सभ्य, वयस्कर गृहस्थाच्या शरीरात उतरून मजा करून जातो, आणि नंतर निस्तरावं लागतं त्या बिचाऱ्याला. हा नियतत्ववाद म्हणता येणार नाही, ही उघड घुसखोरी आहे. पण ‘माझ्या हातून झालं म्हणजे मी केलं का?’ हा प्रश्न तिथे काळजाला भिडतो. शंभर मिनिटांत आटोपतं, म्हणून थकलेल्या दिवशी हाच बरा.

‘सोर्स कोड’ २०११ चा. शिकागोकडे निघालेल्या आगगाडीतली तीच आठ मिनिटं नायक पुन्हा पुन्हा जगतो. तीच कॉफी त्याच्या बुटावर सांडते, समोरची बाई तेच वाक्य बोलते. त्याने एखादी बारीकशी गोष्ट बदलली की पुढचं सगळं बदलतं. नियतत्ववाद म्हणजे नेमकं काय, हे ज्याला आजवर कुणी सांगितलं नसेल त्याला मी आधी हाच दाखवेन. सहप्रवासी बाहुल्या नाहीत, त्यांना फक्त तीच कारणं पुन्हा मिळताहेत. शेवट मला जरा सैल वाटतो, पण तोवर काम झालेलं असतं.

घरातल्या लहानांबरोबर बसणार असाल तर ‘एक्झिस्टेन्झ’ बाजूला ठेवा, त्यातलं हाडामांसाचं चित्रण खरोखर किळसवाणं आहे. एकटे असाल, जेवण आधीच उरकलं असेल, तर तोच लावा. ‘वर्ल्ड ऑन अ वायर’ मात्र दोन संध्याकाळींत वाटून पाहा, तो मुळात तसाच दाखवण्यासाठी केलेला आहे.