जुन्या २०७ ची बॉनेटखालची वायरिंग: दुरुस्ती, तयार हार्नेस की हाताने ओढलेली?

आमच्या टाटा २०७ डीआय पिकअपने टोमॅटोचे क्रेट घेऊन नारायणगाव ते कल्याण किती खेपा मारल्या, हिशेब नाही. एकदा माळशेज घाटात, ऐन धुक्यात, दोन्ही हेडलाइट गेले. बॉनेट उघडलं तर काळ्या टेपचं गाठोडं. कुठली वायर कुठे जाते, पत्ता लागेना. तुमच्या गाडीचीही हीच गत असेल तर रस्ते तीन.

आहे तीच वायरिंग दुरुस्त करणं सगळ्यात स्वस्त, अर्ध्या दिवसात गाडी हातात. पण आधी बॅटरीचा मायनस काढा आणि हेडलाइटची वायर टोकापासून इंचभर सोला. तांबं लालसर, चकचकीत निघालं तर खुशाल जोड मारा. काळं निघालं तर आणखी इंचभर सोलून बघा. तिथेही काळंच असेल तर नाद सोडा. जोड टिकेल, पण त्याच्या शेजारी वायर तुटेल. उंदराने कुरतडलेल्याची गोष्ट वेगळी. तिथे बाकीची वायर ठणठणीत असते, तेवढाच तुकडा बदला.

तयार हार्नेस म्हणजे सगळ्या वायरी बांधून आलेला संच. त्यात कपलर, म्हणजे वायरींचे प्लग, जागच्या जागी बसतात आणि वायरचे रंग कंपनीचेच असतात, त्यामुळे पुढच्या मिस्त्रीला शोधाशोध करावी लागत नाही. फक्त गाडी कंपनीतून निघाली तशीच राहिलेली हवी. आमच्या गाडीत दोन जादा हॉर्न, फॉग लॅम्प आणि भलत्याच गाडीचा डायनॅमो. असल्या गाडीत नवा हार्नेस घातला की महिन्याभरात त्यालाही जोड लोंबायला लागतात. शिवाय जुन्या गाड्यांत हेडलाइटचा करंट बऱ्याचदा सरळ स्विचमधूनच जातो. हार्नेस नवा आला तरी ती खोड तशीच राहते.

म्हणून मी वायरिंगवाल्याकडून नवी ओढून घेतली. त्याआधी मीटर लावून पाहिलं होतं: इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.९ व्होल्ट, बल्बच्या पिनेवर ११.६. हॅलोजनला व्होल्टेज दहा टक्के कमी पडलं तर उजेड साधारण तीस टक्के घटतो, आणि आम्ही वर्षभर बल्बच बदलत बसलो होतो! ६० वॅटचे दोन बल्ब म्हणजे अपरला (लांबच्या झोताला) साधारण १० अँपियर. आता हा भार बॅटरीपासून फ्यूजमधून रिलेच्या, म्हणजे थोड्या करंटवर चालणाऱ्या चुंबकी स्विचच्या, ३० नंबरच्या पिनेला येतो आणि ८७ वरून २.५ चौरस मिमीच्या वायरने बल्बला जातो. जुना स्विच फक्त ८५-८६ ची कॉइल ओढतो. पिनेवर आता १३.५ मिळतात.

यात खरी जोखीम माणसाची. आमचा कारागीर हाताने चांगला, पण सगळीकडे एकाच रंगाची वायर ओढायला निघाला होता. ‘टेप मारल्यावर कुणाला दिसतंय?’ म्हणे. मी अडून बसलो. रंग मूळचेच हवेत, लग (वायरच्या टोकाची धातूची टोपणं) पक्कडीने चेपायचे नाहीत, त्यासाठीच्या हत्याराने पंच करायचे, मेन फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा, आणि सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून वायर हातभर लांब, स्लीव्हमधून. एवढं आधी कबूल करून घ्या. दोन दिवस गाडी उभी राहील ते वेगळं.

तुमची पिकअप कॉमन रेल, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नव्या डिझेल इंजिनची असेल तर मात्र हाताने ओढायचा विचारच नको. ईसीयूच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) काही सेन्सरच्या वायरी एकमेकींना पीळ दिलेल्या किंवा जाळीच्या आवरणातल्या असतात. तिथे साधी वायर टाकली की इंजिन भलतंच वागायला लागतं. तिथे कंपनीचा हार्नेसच घ्या.

तिन्हींपैकी काहीही करा, पण इंजिन ते चासी जाणारी अर्थिंगची पट्टी नवी टाका, तीही पत्रा घासून. ती सैल असली की सेल्फचा करंट परतीला दुसरी वाट शोधतो. आमच्याकडे त्याला अ‍ॅक्सिलरेटरची केबल सापडली होती. सेल्फ मारताना ती हाताला चटका देण्याइतकी तापायची आणि आम्ही तेल घालत होतो.