गोट्यांची निर्जन पुळण: एक अभिप्राय

देवगडच्या बाजूला जांभ्याच्या कड्याखाली दडलेल्या या लहानशा किनाऱ्यावर वाळू जवळजवळ नाहीच. लाटांनी घासून गुळगुळीत केलेले, अंड्याएवढे गोटे आहेत आणि लाट मागे सरताना ते घरंगळत जो खळखळाट करतात, तो ऐकण्यासाठी तरी पाखाडीच्या (दगडी पायऱ्यांच्या वाटेच्या) तुटक्या पायऱ्या उतराव्यात. इथला एकांत विवस्त्र समुद्रस्नानाच्या चाहत्यांना मोह पाडील असा आहे. मात्र सार्वजनिक ठिकाणी इतरांना त्रास होईल असे अश्लील कृत्य भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ नुसार गुन्हा आहे, शिवाय ओहोटीला कालवे (खाण्याचे शिंपले) काढणाऱ्या बायका पलीकडच्या खडकांवर येतातच. मी कपड्यांनिशीच डुंबलो. रबरी चपला हव्यातच, कारण अनवाणी तळवे सोलवटतात. भरतीत परतीची वाट बुडाल्याने आम्ही तासभर अडकलो.