प्रमाण विचलन काढताना: फरकांची पद्धत की वर्गांची?

पुस्तकात प्रमाण विचलनाची, म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती पसरलेत त्या मापाची, दोन्ही सूत्रं एकाखाली एक छापलेली असतात आणि उत्तर एकच येतं, असं सांगून पुढचा धडा सुरू होतो. कागदावरच्या बीजगणितापुरतं ते खरंही आहे. पण रोज तक्ते हाताळायचे असतील तर कुठली पद्धत हाताला लावून घ्यावी, हा प्रश्न उरतोच. मी दोन्ही बऱ्यापैकी वापरल्या आहेत, म्हणून जे जाणवलं ते सांगतो.

१२, १५, ११, १८, १४ या पाच संख्या घ्या. मध्य, म्हणजे सरासरी, १४. त्यापासूनचे फरक −२, १, −३, ४, ०. वर्गांची बेरीज ३०, भागिले ५ म्हणजे ६, त्याचं वर्गमूळ साधारण २.४५. ही फरकांची पद्धत. वर्गांच्या पद्धतीत मूळ संख्यांचेच वर्ग घ्यायचे: बेरीज १०१०, सरासरी २०२, त्यातून मध्याचा वर्ग १९६ वजा केला की तेच ६.

वेगाच्या बाबतीत दुसरी पद्धत पुढे आहे, हे मान्य करायला हवं. आकडे एकदाच वाचायचे, दोन बेरजा चालू ठेवायच्या, काम झालं. शिवाय मध्य नेहमी १४ सारखा शहाण्यासारखा येत नाही. वरच्या यादीत आणखी एक १५ घातला की मध्य १४.१६६६... होतो आणि फरकांची पद्धत नकोशी होते. प्रत्येक फरकाला दशांशाचं शेपूट, त्याचा वर्ग, मध्येच कुठेतरी पूर्णांकन. परीक्षेत लोक वर्गांच्या पद्धतीकडे वळतात ते उगाच नाही.

मला मात्र त्या पद्धतीची एक गोष्ट खटकत राहिली: चूक झाली तर ती तोंडातून अवाक्षर काढत नाही. माझ्याकडे इतरांनी केलेली आकडेमोड तपासायला येते, त्यामुळे हा त्रास जरा जास्तच लक्षात आला असेल. समजा कुणी १८ चा वर्ग ३२४ ऐवजी ३४२ लिहिला. बेरीज १०२८, सरासरी २०५.६, वजा १९६, उरले ९.६ आणि प्रमाण विचलन ३.१ च्या आसपास. हा आकडा पाहून शंका यावी असं त्यात काहीच नाही. पाच संख्यांत चूक शोधता येते. लांबलचक तक्ता असेल तर सगळे वर्ग पुन्हा करत बसण्याखेरीज मार्ग नसतो.

फरकांच्या पद्धतीत तपासणी आपोआप होते, कारण फरकांची बेरीज शून्यच यायला हवी. मध्य चुकून १३ धरला तर बेरीज ५ येते. ४ च्या जागी ३ लिहिले तर −१ येते. वर्ग करताना चूक होऊ शकते, नाही असं नाही, पण ३ किंवा ४ चा वर्ग चुकवायला मेहनत लागते. आणि फरकांच्या रकान्यावरून नुसती नजर फिरवली तरी कळतं की ३० पैकी १६ एकट्या १८ ने आणले आहेत. प्रमाण विचलन मोठं का आलं, ते ही पद्धत जाता जाता सांगून टाकते. वर्गांच्या पद्धतीत ते १०१० च्या पोटात गडप झालेलं असतं.

संख्या मोठ्या आणि एकमेकींच्या जवळ असल्या की हा खटका नुसता आवडीनिवडीचा राहत नाही. १०००००१, १०००००२, १०००००३ घ्या. फरक −१, ०, १. उत्तर साधारण ०.८२. आता दहाच सार्थ अंक धरणाऱ्या यंत्रावर वर्गांची पद्धत चालवा. वर्ग तेरा अंकी, शेवटचे तीन अंक गळतात, आणि वजाबाकी होते थेट शून्य. म्हणजे तिन्ही संख्या सारख्याच! हत्तीवर माशी बसवून वजन करायचं, मग ती उडवून पुन्हा करायचं आणि वजाबाकीतून माशीचं वजन सांगायचं, असा हा प्रकार. संगणक पंधरा-सोळा अंक धरतो म्हणून तिथे हे जरा उशिरा घडतं, पण घडतं. कधी तर वर्गमुळाखाली ऋण संख्या येते. एक्सेलमध्येही २००३ च्या आवृत्तीआधी हीच पद्धत वापरली जायची आणि अशा आकड्यांवर उत्तरं बिघडायची; त्या आवृत्तीत ती बदलली गेली. स्वतः प्रोग्रॅम लिहिणार असाल आणि आकडे एकदाच वाचायचे असतील तर वेलफर्ड यांची १९६२ ची पद्धत पाहा. ती प्रत्येक नव्या आकड्यागणिक मध्य आणि फरकांच्या वर्गांची बेरीज दोन्ही सुधारत नेते.

हाताने करायचं असेल आणि मध्य वेडावाकडा आला असेल तर मी गृहीतमध्य, म्हणजे खऱ्या मध्याऐवजी त्याच्या जवळचा सोयीचा आकडा, घेतो. वरच्या सहा संख्यांसाठी १४ गृहीत धरा: −२, १, −३, ४, ०, १. बेरीज १, वर्गांची बेरीज ३१. मग ३१/६ मधून १/६ चा वर्ग वजा, म्हणजे ५.१४, आणि वर्गमूळ २.२७. तसं पाहिलं तर ही वर्गांचीच पद्धत आहे, फक्त आकडे लहान करून घेतलेले. शून्याची तपासणी इथे हातची जाते, पण दुसरी एक आहे: प्रत्येक फरकात १ मिळवून वर्ग करा. त्यांची बेरीज ३१ + दुप्पट १ + ६, म्हणजे ३९ यायला हवी. येते.

६ ने भागायचं की ५ ने, हा वाद वेगळा आहे आणि तो दोन्ही पद्धतींना सारखाच लागू आहे. नमुन्यावरून मोठ्या समूहाचा अंदाज बांधायचा असेल तर एक कमी करून भागा. सॉफ्टवेअर काय धरतं तेवढं आधी बघून घ्या: पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या साधनांपैकी नमपाय आपणहून जितके आकडे तितक्याने भागतं, पांडाज एक कमी करून.

एका ठिकाणी मात्र माझी आवड चालत नाही. मूळ आकडे हाती नसतील, फक्त संख्या किती, त्यांची बेरीज आणि वर्गांची बेरीज एवढंच मिळालं असेल, किंवा अशा दोन गटांचं एकत्र प्रमाण विचलन हवं असेल, तर वर्गांची पद्धत मुकाट्याने वापरावी लागते. तेव्हा वजाबाकीतल्या दोन संख्यांचे सुरुवातीचे किती अंक सारखे आहेत, ते मी आधी मोजतो. बहुतेक सगळेच जुळत असतील तर मूळ तक्ता मागवतो.